जमिनीखालचा जहन्नम

थंडी सुरू झाली की आपल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. युरोपातल्या कुठल्यातरी घराचं नूतनीकरण चाललेलं असतं, फरशी उखडलेली असते आणि काँक्रीटवर नळ्यांची वेटोळी पसरलेली असतात, असा फोटो. खाली मजकूर: जमीन तापवून घर उबदार ठेवण्याची ही कला मुसलमानांनी जगाला दिली, पश्चिमेने ती चोरली. त्याखाली रांगेने 'माशाअल्लाह'. ग्रुप मिश्र असेल तर थोड्या वेळाने कोणीतरी उत्तर टाकतो की हे सगळं रोमनांचं आहे, तुमच्या लोकांनी फक्त नक्कल केली. पुढे चर्चा कुठे जाते हे सांगायला नको.

रोमनांचं नाव घेणारा चुकीचा नाही. पण 'फक्त नक्कल' म्हणणाऱ्याने आणि 'आम्ही दिली' म्हणणाऱ्याने, दोघांनीही त्या फरशीखाली वाकून पाहिलेलं नाही. तिथे काय आहे ते आधी पाहू.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागात गरम स्नानगृहाची जमीन कशी करायची हे एखादा अनुभवी गवंडी शिकाऊ पोराला सांगेल तसं सांगितलं आहे. खाली एक फरशी घालायची, तिला भट्टीकडे उतार द्यायचा. उतार इतका हवा की आत चेंडू टाकला तर तो कुठे न थांबता घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत आला पाहिजे. त्या फरशीवर आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे खांब उभारायचे, विटा केस मिसळलेल्या चिकणमातीने जोडायच्या. खांबांवर दोन फुटी मोठ्या कौलफरशा टाकायच्या आणि त्यांच्यावर वरची जमीन करायची. भट्टी बाहेर. तिची आच आणि धूर त्या खांबांच्या रानातून फिरतो, वरची जमीन तापते आणि शेवटी भिंतीतल्या पोकळ विटांमधून धूर वर निघून जातो. या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात.

आपल्या गावाकडच्या चुलीला शेजारी वैल असतो. चुलीतली उरलेली आच तिकडे वळते आणि तिथे ठेवलेलं भांडं फुकटात तापतं. हायपोकॉस्ट म्हणजे एवढीच अक्कल, फक्त भांड्याच्या जागी अख्खी खोली.

आता अरबांकडे. जॉर्डनमध्ये अम्मानच्या पूर्वेला वाळवंटात कुसैर अम्रा नावाची एक छोटी इमारत आहे. उमय्या घराण्याचा वलीद बिन यझीद खलिफा होण्याआधी, म्हणजे इसवी सन ७४३ च्या आधीच्या काळात, त्याने ती बांधवली. २०१२ मध्ये तिथल्या भिंतीवर त्याच्या नावाचा लेख उजेडात आला, त्यामुळे आता याबद्दल वाद उरलेला नाही. १९८५ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. एक दरबारी दालन आणि त्याला जोडून स्नानाच्या तीन लहान खोल्या: थंड, कोमट, गरम. गरम खोलीच्या घुमटात आतल्या बाजूने आकाशातले तारे आणि राशी रंगवलेल्या आहेत. भिंतींवर शिकारीची, नाचगाण्याची, स्नान करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. आपल्यातले काहीजण ती पाहून कानाला हात लावतात, पण ती आहेत आणि पहिल्या हिजरी शतकाच्या जरा पुढची आहेत. आणि गरम खोलीच्या फरशीखाली विटांचे खांब आहेत. व्हिट्रुव्हियसने सांगितलेत तसेच.

म्हणजे हे तंत्र शाम प्रांतात आधीपासून होतं. अरब तिथे आले तेव्हा रोमन आणि बायझंटाइन काळातली स्नानगृहं चालू होती, ती बांधणारे कारागीर जिवंत होते. नव्या राज्यकर्त्यांनी त्याच कारागिरांना काम दिलं. पश्चिम युरोपात रोमन सत्ता कोसळल्यावर ही कला बरीचशी विसरली गेली. काही ख्रिस्ती मठांमध्ये जमिनीखालून तापवलेली एखादी खोली राहिली, एवढंच. पूर्वेला मात्र भट्टी विझली नाही. याला चोरी म्हणायचं असेल तर बापाच्या विहिरीतून पाणी काढणाऱ्या मुलालाही चोर म्हणावं लागेल.

शब्द मात्र आपला स्वतःचा आहे. अरबीत ह-म-म या मूळ अक्षरांत उष्णतेचा अर्थ आहे. त्यापासून हम्माम, उर्दूत आणि मराठीत येता येता आपण एक 'म' गाळला आणि हमाम केला. याच मुळापासून हमीम. कुरआनात हा शब्द उकळत्या पाण्यासाठी येतो, दोजखाच्या वर्णनात, आणि हाच शब्द जिवलग मित्रासाठीही येतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. पण ज्याच्याजवळ बसलं की ऊब मिळते तो हमीम, यात हसण्यासारखं काही नाही. (खलबत्त्याला कोणी हमामदस्ता म्हणतं त्याचा याच्याशी संबंध नाही. तो मूळचा हावनदस्ता.)

बदल कुठे झाला? रोमन स्नानगृहात मोठे हौद असत, त्यात सगळे एकत्र उतरत. मुसलमानांच्या हमामातून हे हौद हळूहळू मागे पडले आणि वाहतं पाणी आलं: तोटी, दगडी कुंडी, तांब्या. पाकी आणि तहारतची जी आपली कल्पना आहे तिच्यात दहाजणांनी डुंबलेल्या साचलेल्या पाण्याला मान कमी. गुस्लसाठी अंगावरून पाणी वाहायला हवं. शुक्रवारची नमाज आहे, बाळंतीण आहे, लग्नाच्या आदल्या दिवशीची नवरी आहे. हमाम चैनीचं ठिकाण राहिलं नाही, मोहल्ल्याची रोजची गरज झाली. पुष्कळ हमाम वक्फमध्ये असत, म्हणजे त्यांच्या उत्पन्नावर एखादी मशीद किंवा मदरसा चाले. इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये तहारतच्या प्रकरणात हमामाचे अदब लिहिले आहेत: अंग झाकावं, नजर खाली ठेवावी, पाणी वाया घालवू नये. आणि तिथली धग लागताच दोजखाची आठवण करावी, हेही त्यांनी सांगितलं आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता बगदादला गेला तेव्हा तिथल्या हमामांनी तो थक्क झाला. फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर डांबराचा लेप, त्यामुळे सगळं काळ्या संगमरवरासारखं चकाकत होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खोली, खोलीत गरम आणि थंड अशा दोन तोट्या, आणि माणशी तीन टॉवेल. इतकी ठेव त्याने दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिली नव्हती.

गझालींची ती आठवण तुर्कांनी थेट बांधकामाच्या भाषेत आणली. तुर्की हमामात फरशीखालच्या पोकळीला 'जहन्नमलिक' म्हणतात, म्हणजे नरकाची जागा. गवंडी आणि भट्टीवाले आपापसात रोज हाच शब्द वापरत. भट्टी म्हणजे 'कुल्हान'. वर गरम खोलीच्या मधोमध संगमरवराचा मोठा ओटा, ज्यावर माणसं पालथी पडून अंग शेकतात. भट्टी बहुतेक त्याच बाजूला असते, म्हणून तो ओटा सगळ्यात गरम. मिमार सिनानने इस्तंबूलमध्ये आया सोफियाजवळ १५५६ मध्ये सुलतान सुलेमानच्या बेगमेच्या नावाने बांधलेला हमाम आणि १५८४ चा चेंबरलिताश हमाम, दोन्हींत आजही लोक अंघोळीला जातात. सिनानने दोन्ही ठिकाणी पुरुषांचा भाग आणि बायकांचा भाग असे जोडहमाम केले. बाईला घराबाहेर पडून दोन-चार तास इतर बायकांत बसता येईल अशी ती शहरातली हक्काची जागा होती. याचा विचार आपण फारसा करत नाही.

जमीन फार तापली तर? त्यासाठी लाकडी खडावा असत, खाली दोन उंच पट्ट्या असलेल्या. नवऱ्या मुलींच्या खडावांवर शिंपल्याचं जडावकाम. पायांना चटका बसू नये म्हणून जी वस्तू आली ती पुढे रुखवतात मांडण्याजोगी झाली.

पण त्या फरशीखाली माणसंही होती, आणि फॉरवर्डमध्ये ती कधीच नसतात. भट्टी रात्रभर पेटती ठेवावी लागे, कारण हायपोकॉस्ट एकदा थंड झाला की ते सगळं दगड-विटांचं वजन पुन्हा तापायला दिवस जातात. लाकूड महाग, म्हणून भुसा, शेण, शहरातला कचरा, जे मिळेल ते जाळत. कैरोमध्ये हमामाच्या भट्टीच्या राखेत बाकल्याच्या बियांची हंडी रात्रभर पुरून ठेवत आणि सकाळी ती उसळ, फूल, गरिबांचा नाश्ता म्हणून विकली जाई. इस्तंबूलमध्ये अनाथ, बेघर पोरं थंडीत कुल्हानात येऊन झोपत. त्यांना कुल्हानबेयी म्हणत, भट्टीचे सरदार. पुढे तुर्कीत या शब्दाचा अर्थ झाला मवाली. वर संगमरवर, खाली राखेत झोपलेली पोरं, आणि शेवटी शिवी कोणाच्या वाट्याला आली ते भाषेने नोंदवून ठेवलं.

आता एक प्रसंग, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. ग्रॅनडा १४९२ मध्ये पडलं. तिथल्या मुसलमानांना काही वर्षांतच बाप्तिस्मा घ्यायला लावलं गेलं. अशा बाटवलेल्या मुसलमानांना मोरिस्को म्हणत. १ जानेवारी १५६७ ला दुसऱ्या फिलिपच्या सरकारने ग्रॅनडात एक फर्मान जाहीर केलं. अरबी बोलायची, लिहायची बंदी. त्यांच्या पद्धतीचे कपडे बंद. बायकांचा पडदा बंद. आणि हमाम बंद, सार्वजनिकही आणि घरातलेही. इन्क्विझिशनच्या लेखी अंग धुणं, विशेषतः शुक्रवारी, हा छुप्या मुसलमानाचा पुरावा होता.

फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या एका वयस्क मोरिस्को सरदाराने याविरुद्ध लेखी निवेदन दिलं. ते टिकलं आहे आणि आज वाचायला मिळतं. तो म्हातारा अत्यंत शांतपणे युक्तिवाद करतो. हमाम धर्मासाठी नसतात, मळ काढण्यासाठी आणि तब्येतीसाठी असतात. मेहनतीची, घाणीची कामं करणाऱ्यांनी अंग कुठे धुवायचं? कपड्याने माणसाचा धर्म ठरत नाही. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात. उपयोग झाला नाही. १५६८ च्या डिसेंबरात आल्पुहारासच्या डोंगरात बंड पेटलं, १५७१ पर्यंत ते चिरडलं गेलं, आणि १६०९ ते १६१४ मध्ये मोरिस्कोंना स्पेनमधूनच हाकलण्यात आलं. ग्रॅनडात दार्रो नदीकाठी बान्युएलो नावाचा जुना हमाम उभा आहे, घुमटात ताऱ्यांच्या आकाराची भोकं असलेला. पर्यटक तिकीट काढून पाहतात. पाणी नाही, आग नाही.

फरशीखालची भट्टी कोणी पहिल्यांदा पेटवली या भांडणात मला फारसा रस नाही तो यामुळे. ती कोणी विझवली आणि काय म्हणून विझवली, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो. रोमनांच्या वंशजांच्या देशात, रोमनांच्याच तंत्राची अंघोळ परकी ठरवून गुन्हा झाली.

आणि गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-आयर्लंडमध्ये 'टर्किश बाथ'ची लाट आली. डेव्हिड अर्कार्ट या स्कॉटिश मुत्सद्द्याने मोरोक्को आणि तुर्कस्तानातले हमाम पाहून १८५० मध्ये त्यांची भरभरून तारीफ लिहिली, ती वाचून रिचर्ड बार्टर या डॉक्टरने आयर्लंडमध्ये १८५६ मध्ये असं स्नानगृह उभारलं, आणि १८६२ मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर हमाम उघडला. ज्या बेटावर रोमनांच्या हायपोकॉस्टचे खांब शेतांत जागोजागी सापडतात, तिथे तीच वस्तू तुर्की नाव लावून परत आली.

हिंदुस्थानात मुघलांच्या आधीही दख्खनेत हमाम होते. बीदरच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, आपल्या दौलताबादच्या किल्ल्यातही हमामाची इमारत आहे. सहलीची मुलं तिच्यावरून सरळ चांदमिनाराकडे धावतात. पण बाबराला त्याची कल्पना नव्हती. १५२६ नंतर उत्तरेत स्थिरावताना त्याने आपल्या आठवणींत हिंदुस्थानच्या उणिवांची जी लांबलचक यादी केली, तिच्यात इथे हमाम नाहीत ही तक्रार आहे. ऊन, वारा आणि धूळ या तिन्हींनी तो बेजार झाला होता आणि तिन्हींवर इलाज एकच, असं त्याचं मत: हमाम. बाहेर वणवा पेटलेला असताना आत जवळजवळ थंडी वाजते, असं तो लिहितो. म्हणजे जाड भिंती, घुमट आणि वाहतं पाणी असलेली हीच इमारत थंड मुलखात शेकोटी आणि गरम मुलखात तळघर. जमिनीखालची आग विझवली की झालं.

खानदेशच्या सीमेवरचं बुऱ्हाणपूर अनेकांनी पाहिलेलं असेल. शाही किल्ल्यातला रंगीत नक्षीच्या छताचा हमाम मुमताज महलच्या नावाने दाखवतात. १६३१ मध्ये ती त्याच शहरात वारली. पण हमामापेक्षा तिथलं पाणी मोलाचं. अब्दुर्रहीम खानेखाना, म्हणजे हिंदी दोह्यांचा रहीम, याच्या कारकिर्दीत १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल शंभरेक विहिरी आतून एकमेकींना जोडून शहरात आणलं गेलं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. हमामाला आधी पाणी लागतं, मग लाकूड, मग संगमरवर. आपले मार्गदर्शक संगमरवरापासून सुरुवात करतात.

लाहोरच्या दिल्ली दरवाजातला शाही हमाम शाहजहानच्या पंजाबच्या सुभेदाराने, हकीम इल्मुद्दीन वजीर खान यांनी, १६३५ मध्ये बांधला. हकीमच ते, शेकण्याचे फायदे त्यांना कोणी शिकवायला नको होते. उत्पन्न त्यांच्या मशिदीच्या खर्चासाठी लावून दिलेलं. नंतर इंग्रजी अमलात आणि पुढेही तिथे शाळा भरली, दवाखाना चालला, दुकानं आली, आणि फरशी भरत भरत वर आली. २०१३ ते २०१५ मध्ये दुरुस्ती करताना खोदलं तेव्हा मूळ जमीन, भट्टीच्या खुणा, पाण्याच्या मोऱ्या खालून निघाल्या. आता वरून चालायला पूल केला आहे आणि खाली जहन्नमलिक उघडा दिसतो. इतक्या वर्षांत त्या वर्गात बसून शिकलेल्या मुलांच्या पायांखाली काय होतं हे त्यांच्या मास्तरांनाही ठाऊक नसणार. भोपाळमध्ये मात्र सुमारे तीनशे वर्षांचा हमाम-ए-कदीमी अलीकडेपर्यंत दर हिवाळ्यात लाकडाच्या भट्टीवर चालत आला आहे.

आता त्या फोटोतल्या नळ्यांकडे येऊ. त्या हमामातून सरळ आलेल्या नाहीत. मधला धागा कोरियातून जातो. तिथे ओंदोल ही पद्धत फार जुनी: स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या जमिनीखालच्या दगडी नाल्यांतून फिरवून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून काढायचा. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर तेल पाजलेला जाड कागद. चुलीजवळची जागा सगळ्यात उबदार, ती आजी-आजोबांची आणि पाहुण्याची. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट टोकियोत इंपीरियल हॉटेलच्या कामासाठी गेला असताना कुडकुडत्या थंडीत एका जपानी उमरावाच्या घरी अशा 'कोरियन खोली'त बसला आणि हरखून गेला. शेगडी दिसत नाही, धूर नाही, आणि तरी थंडी गायब. त्याने हॉटेलच्या स्नानगृहांच्या जमिनी तापवण्याची सोय केली आणि पुढे १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या जेकब्स यांच्या घरात फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये हजारो घरांत तांब्याच्या नळ्या काँक्रीटमध्ये गाडल्या, आणि काही वर्षांनी त्या गंजून गळू लागल्या. गळती शोधायची तर जमीन फोडायची. १९६८ मध्ये थॉमस एंगेल या जर्मन संशोधकाने एक चिवट प्लॅस्टिक तयार करण्याची रीत काढली, तेव्हा कुठे आजच्या नळ्या शक्य झाल्या.

जुन्या घराचं नूतनीकरण करताना खरी कसोटी लागते ती वेगवेगळ्या जमिनींची. न्हाणीत टाइल, बैठकीत लाकूड, झोपायच्या खोलीत गालिचा, आणि मालकाला सगळीकडे सारखी ऊब हवी. दगड उष्णता पटकन वर देतो, लाकूड अडवतं. संगमरवरातून उष्णता लाकडाच्या पंधरापट तरी सहज जाते, आणि जाड लोकरी गालिचा तर रजईच. म्हणून जाणकार प्रत्येक जमिनीची नळी वेगळी ठेवतात, तिचा नळ वेगळा, तिचं तापमान वेगळं. लाकडाखाली नळ्या जवळजवळ घालून पाणी मात्र कमी गरम सोडतात, कारण लाकडाचा पृष्ठभाग साधारण २७ अंशांवर गेला की फळ्या आक्रसून फटी पडतात. दगडी जमिनीला राहत्या खोलीत २९ पर्यंत चालतं. लाकडी तुळयांवरची जमीन असेल तर काँक्रीटचं वजन पेलवत नाही, तिथे फळ्यांखाली ॲल्युमिनियमचे पत्रे घालून उष्णता पसरवतात. नळ्यांखाली उष्णतारोधक थर घातला नाही तर पैसे जमिनीच्या पोटात जातात. आणि काँक्रीट पूर्ण सुकायच्या आत वर लाकूड बसवण्याची घाई करणाऱ्याला वर्षभरात पस्तावावं लागतं. कुल्हानवाल्याला अंश माहीत नव्हते, पण गरम खोलीत दगड आणि कपडे उतरवायच्या दालनात लाकडी फळ्या, हे त्याच्या हमामात ठरलेलं होतं.

दगडाच्या या गुणाचा उलटा अनुभव हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी पायांनी घेतला आहे. मक्केत भर उन्हात मताफची पांढरी फरशी अनवाणी पायांना थंड लागते. खाली थंड पाण्याच्या नळ्या आहेत असं आपल्याकडे छातीठोक सांगतात. नाहीत, हरमच्या व्यवस्थापनानेही तसं सांगितलं आहे. ग्रीसमधल्या थासोस बेटाचा तो पांढराशुभ्र संगमरवर आहे, पाचेक सेंटीमीटर जाड. पांढरा म्हणून ऊन परतवतो आणि तळव्याची उष्णता भराभर ओढून घेतो. कुदरतीची करामत नळ्यांपेक्षा कमी आहे का, की तिच्यावर खोट्या नळ्या जोडाव्यात?

आपल्या देशात जमीन तापवायची परंपरा खऱ्या अर्थाने चालू आहे ती काश्मीरमध्ये. सोळाव्या शतकात तिथे दहा वर्षं राज्य केलेल्या मिर्झा हैदर दुघलातने ती आणली असं सांगतात. तिथला हमाम अंघोळीपेक्षा बसण्याची खोली आहे. सगळं घर लाकडाचं, जमिनीवर नमदा आणि गब्बा. एक खोली मात्र देवरी दगडाच्या मोठ्या घोटीव चिऱ्यांची. चिऱ्यांखाली पोकळी, बाहेरच्या तोंडातून तिच्यात ओंडके ढकलायचे. तांब्याची मोठी टाकी तिथेच बसवलेली, म्हणजे आपला बंबच, फक्त खोलीएवढ्या शेगडीवर. त्यातून वुजूला गरम पाणी. एकदा सरपण घातलं की दगड रात्रभर ऊब धरतो. मशिदींमध्ये नमाजीनंतर माणसं तिथे भिंतीला टेकून बसतात आणि गावाच्या साऱ्या उखाळ्यापाखाळ्या होतात. २१ डिसेंबरपासून चिल्लई कलानचे चाळीस दिवस वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि त्या खोलीला विजेशी देणंघेणं नाही. खोट एवढीच की मशिदीतल्या त्या उबदार खोलीत बायका जवळजवळ कधीच नसतात. सिनानने जोडहमाम बांधून साडेचारशे वर्षं होऊन गेली.

श्रीनगरच्या नव्या घरांत आता विजेच्या तारांची तापणारी जमीनही आली आहे, टाइलखाली घालायची. पण ऐपत असणारे लोक नकाशा काढून घेताना अजून तळमजल्यावर एक खोली दगडाची ठेवायला सांगतात, आणि तिच्याखालचं भट्टीचं तोंड बाहेरच्या अंगणात उघडेल असं.